"कुठला कॉलम?" विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, पुढचं फंक्शन उघड" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहूनच टाकतो. गेले सात-आठ महिने दर रविवारी संध्याकाळी तुम्ही माझ्यासोबत व्हिम या टेक्स्ट एडिटरचा सोर्स कोड वाचत बसलात, स्वतःचं घर, मुलीचा अभ्यास सगळं सांभाळून, आणि एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाहीत.

मी आलो होतो ते एका बगमुळे. व्हिमच्या सोर्सची कॉपी घेऊन त्यात एक छोटं फीचर टाकत होतो, दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची एवढंच. त्यातल्या एमएल_गेट या फंक्शनला लाइन नंबर दिला की त्या ओळीचा पॉइंटर, म्हणजे ती मेमरीत कुठे आहे त्याचा पत्ता, मिळतो, मग मी दोनदा कॉल केला, दोन पॉइंटर ठेवले आणि तुलना केली. दहा ओळींच्या फाइलवर मस्त चाललं. मोठ्या फाइलवर मात्र कधी बरोबर उत्तर तर कधी नुसता कचरा, आणि मी दोन रात्री माझ्याच लूपमधे चूक शोधत बसलो. तुम्ही कोड बघितला आणि लगेच म्हणालात की हा पॉइंटर पुढची ओळ मागेपर्यंतच तुझा आहे, दुसरी ओळ दुसऱ्या ब्लॉकमधे, म्हणजे मेमरीच्या दुसऱ्या तुकड्यात असेल तर पहिला ब्लॉक हातातून सुटला, पुढे लागणार असेल तर व्हिम_स्ट्रसेव्ह या फंक्शनने कॉपी करून ठेव. दोन मिनिटांत बग गेला. मी फोन ठेवणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांब, हे तुला आत्ता कळलं ना, मग तिथे लिही, अजून डोक्यात ताजं आहे तोवर."

मी लिहिलं, "ओळीची कॉपी करतो." तुम्ही म्हणालात, ते तर कोडच सांगतोय, का करतो ते लिही. त्या दोन ओळींच्या कॉमेंटवर, म्हणजे कोडशेजारी वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्या टिपेवर, आपण अर्धा तास घालवला ताई, बगपेक्षा कितीतरी जास्त वेळ, आणि खरं सांगतो, तेव्हा मला ते जरा अतीच वाटलं होतं.

मग तुम्ही मेमलाइन.सी या सोर्स फाइलची सुरुवात वाचायला लावलीत. सगळ्यात वर साध्या भाषेत लिहिलंय की टेक्स्ट एका झाडासारखं साठवलेलं आहे, मुळाशी पॉइंटर ब्लॉक, पानांच्या जागी डेटा ब्लॉक, मधे फांद्या. मी वाचलं आणि मान हलवली. तुम्हाला माहीत होतं की मला काही कळलेलं नाही, म्हणून तुम्ही रोमन अक्षरांत सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन ओळी टाइप करायला लावल्या आणि म्हणालात आता चार सेकंद कीबोर्डला हात लावू नकोस, म्हणजे व्हिम स्वॅप फाइल (सेव्ह न केलेला मजकूर सांभाळणारी फाइल) लिहून टाकेल. दुसऱ्या टर्मिनलमधे ती स्वॅप फाइल एक्सएक्सडी ने, म्हणजे फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, उघडली. सुरुवातीलाच बी झिरो व्हिम आणि व्हर्जनचा नंबर, पुढे माझं युजरनेम, मशीनचं नाव, मग शून्यांची भली मोठी रांग, आणि पार शेवटी माझे वार, पण उलटे! आधी बुधवार, मग मंगळवार, मग सोमवार. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. तुम्ही म्हणालात, डेटा ब्लॉकच्या स्ट्रक्चरच्या कॉमेंट्स वाच. तिथे लिहिलेलंच होतं, इंडेक्स पुढून वाढत येतो, ओळींचा मजकूर ब्लॉकच्या शेवटाला टेकून बसतो आणि मोकळी जागा मधे राहते. म्हणून नवीन ओळ आधीच्या ओळीच्या अलीकडे जाऊन बसते. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी वर्षानुवर्षांपूर्वी नेमकं माझ्यासाठीच हे लिहून ठेवलंय.

आणि मग "कुठला कॉलम?" मी एका फंक्शनवर कॉमेंट टाकली होती, "कॉलम परत देतं." तुम्ही विचारलंत, कुठला? बाइटचा, अक्षराचा, की स्क्रीनवरचा? शून्यापासून मोजलेला की एकपासून? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मूळ कोडमधेही पोझिशनच्या स्ट्रक्चरमधे कॉल (col) या नावासमोर नुसतं "कॉलम नंबर" एवढंच आहे. तुम्ही "मी मराठी" टाइप करायला सांगितलंत आणि कर्सर मराठीच्या म वर नेऊन व्हिमच्या कॉल (col) फंक्शनला विचारायला लावलं, उत्तर आलं 8. डोळ्यांना एक अक्षर आणि एक स्पेस दिसते, पण यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत "मी" चेच 6 बाइट, स्पेसचा 1, मग म आठव्यावर, आणि आतल्या कोडमधे तोच 7, कारण आत मोजणी शून्यापासून. फक्त इंग्रजी टाइप करणाऱ्याला हा घोळ कधी दिसणारच नाही, आपल्याला पहिल्याच शब्दाला दिसतो. त्या दिवसापासून मी कॉलम हा शब्द एकटा लिहिलेला नाही.

एकदा मी वैतागून म्हणालो होतो की इतका जुना कोड, ज्याने लिहिला त्यालाच विचारायला हवं. तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात. मग म्हणालात की ब्रॅम मूलेनारने 1991 ला अमिगा कॉम्प्युटरवर पहिलं व्हर्जन काढलं, तिथून शेवटपर्यंत तो हे सांभाळत होता आणि 3 ऑगस्ट 2023 ला तो गेला, आता त्याला विचारता येत नाही, त्याने जेवढं लिहून ठेवलंय तेवढंच आपल्याकडे आहे. मी त्यावर काही बोललो नाही, पण रात्री सोर्स फोल्डरमधली रीडमी फाइल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढली, नवख्या माणसाने कुठून सुरुवात करायची ते त्यात लिहिलंय आणि मी ती इतके दिवस उघडलीच नव्हती.

ताई, तुम्ही माझी एकही कॉमेंट स्वतः दुरुस्त केली नाहीत. प्रत्येक वेळी प्रश्न विचारलात आणि मी उत्तर शोधेपर्यंत फोन धरून थांबलात, कधीकधी पाच-पाच मिनिटं. इतका वेळ माझ्यासाठी आजवर कोणी दिला नव्हता. मनापासून आभार.

माझ्या कॉपीत आता आपल्या बऱ्याच कॉमेंट्स झाल्यात, ज्या इतरांच्या कामाच्या वाटतात त्या निवडून छोट्या छोट्या पॅचमधे, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या स्वरूपात, व्हिमच्या प्रोजेक्टला पाठवायला सुरुवात करतो. या रविवारी मात्र अनडू.सी उघडून ठेवा, त्याच्या सुरुवातीला कॅरेक्टर्सनी काढलेलं ते चित्र आहे ना, त्यात मी तीन दिवस अडकलोय.

तुमचा,
रविवारवाला विद्यार्थी