सुजू, चार दिवसांनी काही दूध तुटत नाही

प्रिय सुजू,

तुझा व्हॉइस मेसेज परवा रात्री तीनदा ऐकला. परीक्षेसाठी चार दिवस नागपूरला जायचंय आणि काकू म्हणतायत की सव्वा वर्षाची झालीच आहे चिऊ, तर आल्यावर परत अंगावर घेऊच नकोस, आपोआप तुटेल. तुझा आवाज रडवेला होता म्हणून दोन ओळी टाइप करून सोडून द्यावंसं वाटलं नाही, मी नुकतीच यातून गेलेय म्हणून सगळं लिहिते.

तुला माहितीये ना मागे आमचं निवासी प्रशिक्षण लागलं होतं पुण्याला, पाच दिवस. लहान मूल असलेल्या बायकांना सूट मिळेल असं वाटलं होतं, अर्ज पण दिला, नाही मिळाली. ओजू वीस महिन्यांचा होता. दिवसा माझं नसलं तरी त्याचं चालायचं, भात-वरण, केळं, वाटीतलं दूध सगळं घ्यायचा, पण झोपायला आणि रात्री दोनदा त्याला दुदू लागायचंच.

पहिल्या रात्रीच छाती दगडासारखी झाली गं, हात वर होईना, आणि पंप मी नेलाच नव्हता, वाटलं एवढ्या मोठ्या पोराचं दूध ते कितीसं असणार. रूमवर माझ्यापेक्षा मोठ्या एक बाई होत्या, त्यांनी कोमट पाण्यात पंचा पिळून शेकायला दिला आणि हाताने कसं काढायचं ते दाखवलं. बोंडाला चिमटायचं नाही, काळ्या भागाच्या जरा मागे अंगठा आणि बोटं ठेवायची, आधी छातीकडे आत दाबायचं मग बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं, परत. आधी नुसते थेंब, मग मी ओजूचा हसतानाचा व्हिडिओ लावला आणि खरंच सांगते, पान्हा फुटला, स्टीलच्या ग्लासात धार वाजली. ते दूध बेसिनमध्ये ओतताना मात्र मी खूप रडले. तिथे फ्रिज नव्हता. तुझ्या मावशीकडे आहे, तर तू तारीख टाकून ठेव, फ्रिजमध्ये चार दिवस चालतं, बाहेर चारेक तासच, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर तेवढंही धरू नकोस, लगेच फ्रिजमध्ये टाक.

हे काढणं फक्त दुखू नये म्हणून नाही हां. दूध आत साठून राहिलं की शरीर समजतं आता गरज नाही आणि बनवणं कमी करतं, रिकामं होत राहिलं की बनत राहतं. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा तरी काढ, अगदी पेपरच्या आधी बाथरूममध्ये उभ्याने काढलंस तरी चालेल. गाठ राहिली, लाल चट्टा आला, ताप आला तर दुखणं अंगावर काढू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा.

आता परत आल्याचं सांगते. स्वारगेटवरून एसटीने आले, सासूबाई ओट्यावर त्याला घेऊन बसलेल्या. मी हात पुढे केले तर त्याने एकदा बघितलं आणि त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. सुजू, तो क्षण मी विसरणार नाही. शेजारच्या काकू लगेच, बघ, विसरला, बरं झालं, आता कडुनिंब पण लावायला नको. आणि दुसऱ्या म्हणाल्या की पाच दिवसांचं शिळं दूध पाजू नकोस, बाधेल. असं काही नसतं गं, दूध अंगात शिळं होत नाही, नासत नाही. फक्त कमी झालं होतं आणि चव बदलली होती, मी बोटावर घेऊन बघितलं तर किंचित खारट लागलं. दूध आटायला लागलं की खारटपणा वाढतो, ते मी नंतर वाचलं. त्याने पण त्या रात्री तोंड लावलं, दोन घोट घेतले, माझ्याकडे बघितलं आणि सोडलं. तोंडात कसं धरायचं तेच जणू विसरला होता, दात पण लागले.

मी जबरदस्ती केली नाही, एवढंच मी शहाणपणाने केलं असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर आंघोळ केली, दुपारभर उघड्या अंगाने त्याला पोटावर घेऊन लोळले, तोच जुना निळा गाऊन घातला, कुठेही गेले नाही. तो मधेच गळ्यात हात घालायचा, तीळ चाचपायचा, पण मागायचा नाही. पहाटे साडेतीनला अर्धवट झोपेत चुळबुळला तेव्हा मी फक्त जवळ घेतलं, काही बोलले नाही, आणि त्याने स्वतःच शोधलं. डोळे मिटलेले, एक हात माझ्या हनुवटीवर. घोट गिळल्याचा आवाज ऐकू येत होता त्या शांततेत. रात्री दूध बनवणारं हार्मोन जास्त असतं म्हणतात, म्हणून तू आल्यावर रात्रीचं पाजणं अजिबात टाळू नकोस. चौथ्या-पाचव्या दिवशी छाती परत भरल्यासारखी वाटायला लागली, खारटपणा पण गेला.

आणि काकूंना सांग, जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यानंतरही पाजा म्हणते, आपलं सरकार पण तेच सांगतं. दुसऱ्या वर्षात सुद्धा बाळाला लागणाऱ्या ताकदीचा साधारण तिसरा हिस्सा आईच्या दुधातून मिळू शकतो, म्हणजे 'आता त्यात पाणीच असतं' हे खरं नाही. तुला थांबायचं असेल तर थांब, त्यात काही चूक नाही, पण ते तू आणि चिऊ ठरवा. तू चार दिवस गावात नव्हतीस म्हणून दुसऱ्या कोणी ठरवायचं, ते मला पटत नाही.

चिऊला आत्तापासून सांगत जा की आई चार झोपा झाल्या की येणार, त्यांना कळतं. तुझी न धुतलेली ओढणी तिच्या उशाशी ठेव. आणि पहिल्या रात्री छाती ठणकली की कितीही वाजलेले असू देत, मला फोन कर, मी जागीच असते, ओजू अजून दोनदा उठतो.

तुझी,
मीनू