पावतीच्या पाठीवरची बाकी

कराड, 23 एप्रिल 2023

ताई, स.न.वि.वि.

तुमचं नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. तुमच्या झेरॉक्सच्या दुकानाचंही नाही. पण तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत सातबारा आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी जे लोक तुमच्या काउंटरला टेकून उभे असतात, त्यांना पहिल्या चार ओळींत कळेल कुणाबद्दल चाललंय ते. त्याला माझा इलाज नाही. तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या, तरी मी ताईच म्हणणार. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. गाडीत चढणारी प्रत्येक बाई आम्हाला ताई किंवा मावशी. ती सवय आता जात नाही.

काल अक्षय तृतीया झाली. जावयाने व्हिडिओ कॉल लावला होता. नात सव्वादोन किलोची झाली आहे. घरी आली आहे. सौ. तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि मला ओरडत होती की फोन इतका जवळ धरू नका, नुसतं नाक दिसतंय. कॉल संपला आणि मनात आलं, आज पत्र लिहायचंच. दोन महिने नुसतं लिहू लिहू म्हणतोय.

आधी त्या दुसऱ्या माणसाबद्दल, व्हिसाच्या एजंटाबद्दल लिहितो, म्हणजे पोटातलं निघून जाईल. त्याचंही नाव घेत नाही, तो त्या लायकीचा नाही. पुण्यात ऑफिस, एसी, टेबलावर पृथ्वीचा गोल, भिंतीवर न्यूयॉर्कच्या त्या मशालवाल्या बाईचं मोठं चित्र. मुलगी अमेरिकेत, तिच्या बाळंतपणाची तारीख एप्रिलअखेरची होती, आणि सौ.ला तिकडे पाठवायचं होतं. आदल्या दिवाळीनंतर पेपरात आलं होतं की मुंबईत अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीसाठी 999 दिवस थांबावं लागतंय. म्हणून घाबरून जानेवारीत त्याच्याकडे गेलो. सरकारी फी 160 डॉलर, आपले साधारण 13 हजार, आणि ह्याचे वर 22 हजार. तारीख मिळाली 2024 च्या नोव्हेंबरातली. म्हणाला, काका, ही नुसती खुंटी मारून ठेवलीय, स्लॉट मी पकडून देतो. मग म्हणाला, आता शनिवारीसुद्धा जादा मुलाखती घ्यायला लागलेत, होऊन जाईल. फेब्रुवारीत म्हणाला, बँकॉकला तारखा लवकर मिळतायत, पॅकेज करून देऊ का? बँकॉक! आमची सौ. कोल्हापूरच्या पलीकडे गेली ती फक्त एकदा, पंढरपूरला, आणि तेही उलट्या दिशेला.

महाशिवरात्रीच्या आदल्या रात्री जावयाचा फोन आला. तिसाव्या आठवड्यातच मुलगी बाळंत झाली होती. बी.पी. इतकं चढलं की झटके आले. ती आयसीयूत, बाळ काचेच्या पेटीत, वजन एक किलो तीनशे. जावई एकटा, दवाखान्यात ह्या मजल्यावरून त्या मजल्यावर पळतोय. न्यू जर्सीत एडिसनला आपली माणसं पुष्कळ आहेत म्हणे, डबे येत होते त्याला. पण डबा म्हणजे आई नव्हे.

मी एजंटला फोन लावला. म्हणाला, मुलाखत अलीकडे घ्या म्हणून तातडीची विनंती टाकतो. दुसऱ्या दिवशी, टाकलीय काका. तिसऱ्या दिवशी, उत्तर येईलच. चौथ्या दिवशी फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, बँकेचं पासबुक झेरॉक्स करून पाठवा.

ते पासबुक घेऊन मी तुमच्याकडे आलो. तुम्ही पानं उलटी करून मशीनवर ठेवताना सहज विचारलंत, कशाला हवंय काका? आणि मला बोलता येईना. तुम्ही स्टूल पुढे केलंत. रांगेतल्या लोकांना म्हणालात, दहा मिनिटं थांबा. कुणी कुरकुर केली नाही, हेही लिहून ठेवतो. सातबाऱ्यासाठी आलेली माणसं दहा मिनिटं गप्प थांबली, ही साधी गोष्ट नाही.

एजंटने पाठवलेला कागद मी फोनवर दाखवला. इंग्रजीत होता. तुम्ही वाचलात आणि तुमचा चेहरा बदलला. त्याने कारण लिहिलं होतं, मुलीच्या बाळंतपणात मदतीसाठी. तुम्ही अमेरिकन कॉन्सुलेटच्या, म्हणजे वकिलातीच्या, सूचना उघडून मला एकेक वाक्य मराठीत करून सांगितलंत. लग्न, पदवीदान, गरोदर नातेवाइकाला मदत, शेवटच्या क्षणी ठरवलेली सहल, असल्या कारणांसाठी तारीख अलीकडे आणून मिळत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं. जवळच्या माणसाचं गंभीर आजारपण चालतं. म्हणजे आमच्याकडे खरं कारण होतं, आणि हा शहाणा नेमकं न चालणारं लिहून बसला होता. ही विनंती पुन्हा पुन्हा करत बसता येत नाही, पहिली फुकट गेली असती तर अवघड झालं असतं, असं तुम्ही म्हणालात.

मग तुम्ही त्याला फोन लावलात. मी ते ऐकत होतो. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालात, "लॉगिन माझ्या पेशंटचं आहे, आत्ता पाठवा, मी लाइनवर थांबते." पेशंट! तुम्ही डॉक्टर नाही, मी आजारी नाही. पण त्याने मुकाट पाठवलं. आणि खातं उघडल्यावर कळलं की त्याने विनंती टाकलेलीच नव्हती. पाच दिवस नुसत्या थापा. मला आधी संताप आला आणि मग हसू. त्याचा आळस आमच्या कामी आला होता. चुकीचं कारण निदान त्याच्याच कॉम्प्युटरात पडून राहिलं होतं.

पुढचं सगळं लिहीत नाही. दवाखान्याचं पत्र कसं आणवलंत, जावयाला रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर काय काय विचारलंत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मी तुम्हाला म्हणालो होतो, ताई, जरा जास्त लिहा, म्हणजे त्यांना दया येईल. तुम्ही म्हणालात, "वाढवून नको काका. आहे तेच पुरेसं वाईट आहे." चार ओळी लिहिल्यात. मग पडदा माझ्याकडे वळवून प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखवलीत आणि विचारलंत, हे खरं आहे ना? त्या पुण्याच्या ऑफिसात मी पाच वेळा गेलो, पडद्याची कायम पाठच बघितली.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते वेगळंच आहे. सगळं झाल्यावर तुम्ही म्हणालात, आता ईमेल तुमचा टाकलाय, पासवर्ड तुम्ही ठरवा. आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलात. मी एका बोटाने टाइप करतोय, चुकतोय, पुसतोय, चांगली तीन-चार मिनिटं गेली, आणि तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलेल्या. मग कोरी पावती आणि पेन पुढे सरकवलंत. "पाठीवर लिहून ठेवा. कुणाला द्यायचा नाही. मलासुद्धा."

हे तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. मला का लागलं ते सांगतो. एसटीत सुट्टे नसले की आम्ही तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून द्यायचो. प्रवाशाला वाटायचं, आपले पैसे गेले. तो आकडा हातात पडला की माणूस सीटवर नीट टेकून बसायचा. पाटण-कराड गाडीत मी हे पाहिलंय, हजारदा. उतरताना कितीतरी जण मागायला विसरायचे, आणि काही कंडक्टर ते विसरणं धरूनच चालायचे. मी हाक मारून द्यायचो. त्यात मोठेपणा नव्हता, हिशेब जुळला नाही की मला झोप लागायची नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी प्रवासी होतो, आणि समोरच्या माणसाने माझ्या हातात कागद दिला होता. पाच दिवसांनी मी त्या स्टुलावर नीट टेकून बसलो.

तिसऱ्या दिवशी मंजुरीचा मेल आला. 3 मार्चची मुलाखत. आदल्या दिवशी बोटांचे ठसे. शेणामातीत झिजलेल्या बोटांचे ठसे उठेनात, तेव्हा तिथल्या पोरीने सौ.चा हात स्वतःच्या रुमालाने पुसून परत ठेवला, आणि उठले. मुलाखतीला मी आत जाऊ शकत नव्हतो. मुंबईत बीकेसीत, कॉन्सुलेटबाहेर रस्त्याच्या कडेला तिची पिशवी आणि दोन्ही फोन घेऊन उभा राहिलो. फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून तिथे पैसे घेऊन पिशव्या सांभाळणारी माणसं असतात. एकाने मला त्यांच्यातलाच समजून त्याची बॅग माझ्याकडे दिली. सांभाळली. पैसे घेतले नाहीत, पण नंतर सौ. म्हणाली, घ्यायला हवे होते, चहाचे सुटले असते.

आत खिडकीतल्या साहेबांनी दुभाष्यातर्फे मराठीत तीन प्रश्न विचारले. मुलगी कुठे असते, तिला काय झालंय, आणि परत कधी येणार. तिसऱ्याला हिने उत्तर दिलं, "यावंच लागंल. म्हस माझ्याबिगर पान्हा सोडत न्हाई." दुभाष्याने ते इंग्रजीत कसं केलं देव जाणे, पण साहेब हसले आणि पासपोर्ट ठेवून घेतला. रंगपंचमीला सौ. विमानात होती. (म्हैस खरंच पान्हा सोडत नव्हती. पहिले आठ दिवस मी सौ.चं लुगडं खांद्यावर टाकून धारेला बसायचो. हे कुणाला सांगू नका.)

ती पोचली त्या रात्री मुलीने पहिल्यांदा पोटभर खाल्लं, असं जावई म्हणाला. नुसता भात आणि वरण.

तुम्ही हिशेब सांगितला होता दीडशे रुपये. झेरॉक्स, स्कॅन, प्रिंट. मी म्हणालो, ताई, तो 22 हजार घेऊन गेला. तुम्ही म्हणालात, त्याचं त्याला, माझा रेट बोर्डावर लिहिलाय. मी दोनशेची नोट दिली, सुट्टे नव्हते. त्याच पावतीवर, माझ्या पासवर्डाकडे न बघता, दुसऱ्या बाजूला तुम्ही लिहिलंत: 50 बाकी.

ती पावती सौ.ने जाताना देव्हाऱ्यात करंड्याखाली ठेवली आहे. पासवर्ड देव्हाऱ्यात ठेवू नये हे तिला समजावून थकलो.

लोक म्हणतील, पन्नास रुपये सोडून द्या आता. मी सोडणार नाही. बाकी लिहून दिली की ती मिटवायची असते. सौ. गौरी-गणपतीच्या आधी परत येईल. मग आम्ही दोघं तुमच्या दुकानात येऊ, रांगेत उभे राहू, आणि ते पन्नास रुपये घेऊन जाऊ. सुट्टे काढून ठेवा.

तुमचा,
काका (कराड डेपो, निवृत्त)