माऊस मेला नव्हता, झोपला होता

संपादक साहेब, नमस्कार. पोराच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकली अन् माऊसवरून हात काढला की दोन सेकंदात लाल लाइट बंद, क्लिक केल्याशिवाय जागाच होईना. बर्डीवरच्या एका दुकानात दाखवलं तर म्हणे लिनक्समध्ये माऊस असाच चालते, विंडोज टाका! काहून बा? घरी टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) एलएसयूएसबी कमांड मारली, ती जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवते, यादीत माऊस होताच, म्हणजे पोर्ट ठीक. गडबड यूएसबी ऑटोसस्पेंडची होती, म्हणजे वापर नसला की सिस्टीम यूएसबी वस्तूला झोपवते; बॅटरी वाचवायला मीच पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामचा ऑटो-ट्यून चालवला होता ना, त्यानंच हे चालू केलं (बायकोला हे सांगितलं नाही). माऊसच्या पॉवर कंट्रोल फाइलीत (लिनक्समधली सेटिंगची फाइल) 'ऑटो'च्या जागी 'ऑन', म्हणजे झोपू नको, असं लिहिलं, झालं. रीस्टार्टनंतर ऑटो-ट्यून पुन्हा चालला तर पुन्हा लिहावं लागते फक्त. तेवढ्यात नवीन माऊसचे साडेतीनशे मात्र गेलेच.

– एक वाचक, नागपूर