गुरुवारच्या ऑपरेशनआधी

चि. मनवा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन आधी तू ठेवलास की मी, यावर आईचं आणि माझं अजून एकमत नाही. तिचं मागणं एवढंच होतं, की तिच्या ऑपरेशनच्या वेळी तिकडे बसून रामरक्षा म्हण. तू म्हणालीस, "त्याने काय होणार आहे?" पुढे मी जे बोललो ते पत्रात परत काढायचं नाही, असं ठरवून बसलोय.

तू इथे ठेवून गेलेलं तुझ्या त्या स्कॉटिश तत्त्वज्ञाचं, ह्यूमचं, देवावरच्या वादाचं 'डायलॉग्ज' वाचून काढलं, तुझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट. माणूस हुशार, आणि त्याहून खट्याळ. घर आहे म्हणजे बांधणारा असणारच, तसं जग आहे म्हणजे देव, असं त्यातलं एक पात्र, क्लिअँथिस म्हणतो. त्यावर दुसरं पात्र, संशयी फिलो विचारतो, जगं तयार होताना तू कधी पाहिलीस? आणि बांधणारा एकच कशावरून? एखाद्या पोरसवदा देवाने अर्धवट करून टाकलेलं काम नसेल कशावरून? इथे मी मोठ्याने हसलो, आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

सातव्या भागात तर चक्क ब्राह्मणांचा कोळी निघाला! विश्व कोळ्याच्या पोटातून आलं म्हणे. ह्यूम टिंगल करतो, पण मला अण्णा दिसले, ओट्यावर बसून पंचाच्या टोकाने चष्मा पुसत मुंडकोपनिषदातलं 'यथोर्णनाभिः सृजते गृह्णते च' म्हणणारे. "मग कोळ्याला कोणी केलं?" हे तू तेव्हाच विचारलं होतंस, शाळेतही जात नव्हतीस. अण्णा आळीभर सांगत सुटले होते.

देवाला दुःख टाळायची इच्छा आहे पण ताकद नाही, की ताकद आहे पण इच्छा नाही, हा दहाव्या भागातला प्रश्न आईचा रिपोर्ट घेऊन लॅबच्या पायरीवर बसलो तेव्हा मलाही पडला होता, इतका नेटका नाही. तेव्हा तुझ्या वाचनाबद्दल माझी तक्रार नाही. पण रात्री-अपरात्री तिकडे काही झालं तर तू हाक कोणाला मारणार?

1776 च्या जुलैत त्याच्या ओळखीचा लेखक बॉस्वेल मरणाला टेकलेल्या ह्यूमला भेटायला गेला, आता तरी भितो का बघायला. ह्यूम म्हणाला, जन्माआधी नव्हतो त्याचा त्रास नाही, तसाच पुढे नसण्याचाही नाही. जमलं त्याला. पण त्याच्याकडे शेवटपर्यंत माणसांची ये-जा होती. तरुणपणी विचार करकरून डोकं भणाणलं की जेवायचं, मित्रांबरोबर बॅकगॅमन खेळायचं, हा उतारा त्यानेच लिहून ठेवलाय. तू खोलीत एकटी जेवतेस. रविवारीही लायब्ररी. देव नको तर नको, पण माणसं तरी जोड, अभ्यासाइतकंच...

झालं, लागलो प्रवचन द्यायला. माफ कर. मार्क पाहून शेजारच्या काकूंना पेढे मीच नेऊन दिले, आईने नव्हे.

चमत्कारांवर निबंध लिहून चर्चचा रोष ओढवून घेतलेल्या या ह्यूमच्याच पुतळ्याचा अंगठा परीक्षेआधी पोरं चोळतात, हे तू पाठवलेल्या फोटोत आईला फार आवडलं. "मग माझ्या मारुतीने काय घोडं मारलंय?" म्हणाली.

गुरुवारी सकाळी आठला आत नेणार आहेत. तुझ्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असेल, तरी फोन चालू ठेव. रामरक्षेचं तुझं तू बघ. आणि त्या आयरिश मैत्रिणीचा नंबर मला पाठव. तिला सांगून ठेव, मी उगाच फोन करणार नाही.

तुझा,
बाबा