आईला विचारणाऱ्या मुकादमांना

मुकादमदादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र. काल रात्रभर पाऊस कोसळला, तरी आमचा उंबरा कोरडा राहिला. आई तीनदा उठून त्याला हात लावून आली.

रुळांलगतचं गटार तुंबलं की पाणी आमच्या घरात, हे सांगून सांगून आम्ही दमलो होतो. दर वर्षी माणसं यायची, रुळांखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या मोरीच्या तोंडाशी दिसेल तेवढा गाळ उपसायची आणि काठावरच त्याचा ढीग लावून जायची. पहिल्या सरीला तो परत आत. कागदावर मात्र मोरी साफ! एकाने तर आईला तोंडावर सुनावलं, "रुळाजवळ राहता, तर पाणी येणारच." ते मी अजून विसरलेलो नाही.

तुम्ही फावडं उचलण्याआधी तिच्याकडे आलात. "आजी, पाणी आधी कुठून चढतं?" एवढंच विचारलंत. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. ती काठी टेकत निघाली, आणि घाईत असूनही तुम्ही तिच्या चालीने चाललात. ती म्हणाली, वरच्या अंगाला पाणी फुगतं तेव्हा खालच्या अंगाला नुसती धार येते. तुम्ही गुडघ्यांवर बसून मोरीत टॉर्च मारलात. पलीकडचा उजेड दिसेना. "आजी बरोबर सांगतायत, मधेच अडलंय," हे तुम्ही सगळ्या गँगला ऐकू जाईल असं म्हणालात. आईचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता!

मग मुळ्या निघाल्या, पिशव्या निघाल्या, वरून घसरलेली खडी निघाली. गाळ तुम्ही लांब नेऊन टाकलात. पाणी साचलं की भराव मऊ पडतो, खडीत चिखल भरतो आणि गाडीखाली रूळ दबतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. मी आजवर फक्त आमच्या घराचा विचार करत होतो. वरून जाणाऱ्या हजारो माणसांचा जीवही त्याच मोरीवर होता.

चांगली माणसं अशी न गाजावाजा करता येतात, नीट ऐकतात, काम पुरं करतात. निघताना तुम्ही आईला वाकून मोरीतून बघायला लावलंत. पलीकडचं गवत दिसत होतं.

तिचा निरोप आहे: रात्रभर मोरीचा आवाज येत होता. पाणी वाहतंय.