वाऱ्याचा आकडा झोताचा की सरासरीचा, तेवढं तरी छापा

संपादक साहेब,

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड, पश्चिमेला हेब्रिडीज अशी बेटं आहेत, तिथल्या हिवाळी वादळाची बातमी तुमच्या पेपरात आली, त्यात खाली चौकट टाकलीत की हे वादळ आमच्या 'निसर्ग' चक्रीवादळापेक्षा मोठं. आता मी श्रीवर्धनचा, 3 जून 2020 ला दुपारी घरातच होतो, दोन तासांत आगरातल्या निम्म्याच्या वर पोफळी आडव्या, म्हणून जरा टोचलं.

मुद्दा असा की तुम्ही तिकडचा झोताचा (म्हणजे काही सेकंदांच्या फटक्याचा) आकडा घेतलात आणि आमचा काही मिनिटांच्या सरासरीचा. निसर्गचा वारा हवामान खात्याने ताशी 110 ते 120 किमी सांगितला ती सरासरी, झोत 130 पर्यंत. उलट आयर्लंडात 24 जानेवारी 2025 ला एओविन वादळ आलं तेव्हा तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मेस हेडला 180 च्या वर गेला तो झोत, दहा मिनिटांची सरासरी 140 च्या आसपास. म्हणजे तिकडचं वादळ लहान असं नाही हो, जबरदस्तच आहे, पण तराजू तरी एक ठेवा. आणि झोत काही सेकंदांचा असला तरी पत्रा तोच उचलतो, म्हणून दोन्ही आकडे लागतात.

दुसरं, ती वादळं आमच्यासारखी गरम समुद्रावर पोसलेली नसतात, उत्तरेकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा भिडते त्यातून होतात, म्हणून एका हिवाळ्यात पाठोपाठ येतात. त्या बेटांवर झाडं जवळपास नाहीतच, हेब्रिडीजमध्ये जुनी घरं बुटकी, जाड भिंतींची, गवती छपरावर दोर टाकून टोकांना दगड बांधलेले (आमच्याकडे पत्र्यावर दगड नि जुने टायर, तसंच म्हणा). तिथे वाऱ्याला पाडायला फारसं काही उभंच नाही, आमच्याकडे माड नि पोफळी, आणि नवीन पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. 2020 नंतर लावलेली माझी रोपं आता कुठे डोक्याच्या वर गेलीत.

तेव्हा पुढच्या मे महिन्यात किनाऱ्याला इशारा येईल तेव्हा तुम्ही सरासरी वेगळी नि झोत वेगळा छापा, आणि तो ठळक अक्षरात पहिल्या पानावर, वीज गेल्यावर मोबाईल बंद असतो, तेव्हा आदल्या दिवशीचा पेपरच हाताशी असतो.

एक आगरवाला, श्रीवर्धन