पोर्ट फॉरवर्डिंग चालत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पोर्ट फॉरवर्डिंग बंद असणे आणि ‘ग्राहकाच्या राउटरचा दोष’ असा शेरा मारून तक्रार बंद करणे.

महोदय,

वरुड तालुक्यातल्या आमच्या गावात तुमचं फायबर आलं, तेव्हा मी लगेच कनेक्शन घेतलं. संत्र्याच्या बागेतले कॅमेरे घरच्या संगणकाला जोडले आहेत. आंबिया बहाराचा माल झाडावर असताना बाग बाहेरगावाहून दिसावी, एवढीच गरज होती. “होते ना भाऊ, पोर्ट फॉरवर्ड केलं की झालं,” असं तुमच्याच माणसाने सांगितलं होतं. म्हणजे बाहेरून आलेली विनंती राउटरने घरातल्या संगणकाकडे वळवायची.

ते काही झालं नाही. कॉल सेंटरवर एकच पालुपद: सेटिंग चुकलं, राउटर रिसेट करा. रिसेट केल्यावर भरलेलं सगळं सेटिंग पुसलं जातं, ते पुन्हा कोणी भरायचं?

आता तपासणी कशी केली ते वाचा. राउटरमध्ये संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१० असा कायम करून ८०८० हा पोर्ट (विनंती आत येण्याचं क्रमांक दिलेलं दार) त्याच्याकडे वळवला. संगणकाच्या जोडण्या दाखवणाऱ्या ‘नेटस्टॅट’ या आज्ञेत त्या पोर्टसमोर ‘लिसनिंग’, म्हणजे विनंतीची वाट पाहतोय, असं दिसतं. विंडोजच्या फायरवॉलमध्ये परवानगी दिलेली आहे. घरच्या वायफायवर मोबाइलमधून बाग स्वच्छ दिसते. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहिलं, कारण बरेच राउटर घरातून स्वतःचाच बाहेरचा पत्ता उघडू देत नाहीत आणि चाचणी फसवी ठरते. पान नुसतं फिरत राहतं. पोर्ट तपासणारी साइटही ‘बंद’ म्हणते.

खरी गोम राउटरच्या स्टेटस पानावर आहे. तिथे वॅन आयपी, म्हणजे राउटरला तुमच्याकडून मिळालेला पत्ता, १०० ने सुरू होतो, पुढचा आकडा ७२. ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवर मात्र वेगळाच पत्ता येतो. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये कंपन्यांच्या अंतर्गत वाटपासाठी राखून ठेवले आहेत. म्हणजे तुम्ही अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे. बाहेरून आलेली विनंती तुमच्याच यंत्रणेत अडते, माझ्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. मग मी राउटरमध्ये काहीही भरलं तरी काय फरक पडणार?

आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचा जगभर तुटवडा आहे, हे मान्य. पण कनेक्शन विकताना हे सांगायला काय हरकत होती? तंत्रज्ञ येतो, लाल दिवा नाही ना एवढं बघतो, चहा घेतो आणि जातो. संध्याकाळी ‘समस्या सोडवली’ असा मेसेज येतो. त्या पोराचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

तरी मला स्वतंत्र सार्वजनिक आयपी द्यावा आणि त्याचा दर लेखी कळवावा. ते जमत नसेल तर बाहेरून पोहोचता येईल असं आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) सुरू करावं. दोन्ही शक्य नसेल तर तसं लिहून द्यावं आणि आगाऊ भरलेल्या वार्षिक रकमेतले उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करावेत. ही तक्रारही शेरा मारून बंद केली, तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार तुमच्या अपील प्राधिकरणाकडे जाईन.

राउटरच्या स्टेटस पानाचा आणि ‘नेटस्टॅट’चा फोटो, तसंच बिलाची प्रत सोबत जोडली आहे. ग्राहक क्रमांक बिलावर आहे.

आपला,
एक संत्रा बागायतदार ग्राहक
ता. वरुड, जि. अमरावती